एर्मिनियो दार लावून बघतो

नवी गाडी दाराशी आली तेव्हा एर्मिनियो चेस्टनट सोलत होता.
लगेच उठला नाही.
मग हात पुसले, गाडीचं दार उघडलं, लावलं,
पुन्हा लावलं, डोळे मिटून.
‘पत्रा पातळ. खोकल्यासारखा वाजतो.’

बॉनेटखाली नुसतं काळं प्लास्टिकचं झाकण.
चाळीस वर्षं इंजिनं कानानं ओळखणारा माणूस
त्यावर बोटं टेकवून उभा,
तापलेल्या कपाळावर टेकवावीत तशी.

भाचीनं हप्ता सांगितला, सात वर्षांची हमी सांगितली.
‘सात,’ तो म्हणाला, आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं.

आठवड्यातून तीनदा ब्रागान्सा, जाताना बासष्ट किलोमीटर.
देओलिंदाचं रक्त तिथलं मशीन धुऊन देतं.
गेल्या जानेवारीत जुनीनं घाटात बसकण मारली,
तेव्हा दुधाच्या टेम्पोतून नेलं तिला,
कॅनच्या मधे बसवून.

स्टेपनी शोधली. नव्हती.
त्या जागी फेसाची एक बाटली.
ती हातात धरून तो आधी हसला, मग चिडला.
‘घासाघीस तरी करायचीस, ग्रासा.
पाचशे सहज सुटले असते.’

मग जुन्या गाडीतली चपटी उशी काढून आणली,
झटकली, पुढच्या सीटवर ठेवली,
आणि तिच्या मापानं
पट्टा ओढून बघू लागला.