लगेज

तेवीस दिवस.
करारावर सही करून पाठवली त्या रात्री
मी कॅलेंडर नाही पाहिलं, खारीला मोजलं.
नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत किती,
जमिनीपासून पुढच्या कोपरापर्यंत किती,
उभी असताना कानांच्या टोकापर्यंत किती.
एक कान कायम पडलेला, म्हणून दुसऱ्याचं माप धरलं.

टिंबर मार्केटात युनूसभाईंना कागद दिला.
"आतल्या आत वळता यायला हवं," मी म्हटलं, "तसा नियम आहे."
ते म्हणाले, "माणसांच्या सीटला नाही का हा नियम?"

लाइप्त्सिगच्या इस्पितळात माझी रात्रपाळी ठरलीय,
आणि एक खोली, तिसऱ्या मजल्यावर,
जिच्या भाडेकरारात कुत्रा चालेल असं लिहिलंय.
ते वाक्य मी डिक्शनरी घेऊन तीनदा वाचलं.
क्लासमध्ये शिकवलेला कुत्रा पुल्लिंगी होता.
आमची खारी तळजाईच्या पायथ्याशी, बेकरीच्या मागे सापडलेली,
रंगानंही खारीच, कडेनं जरा जास्त भाजलेली.

फॉर्म विचारतो: जात.
डॉ. अष्टेकर पेन थांबवतात. "गावठी लिहू?"
"धनकवडी लिहा."
ते हसून भारतीय लिहितात
आणि मानेत चिप सारतात, तांदळाएवढी, पंधरा आकड्यांची.
खारी वळून स्वतःची मान बघू पाहते,
जमत नाही, सोडून देते.

मग ते सांगतात.
आधीच्या लशी चिपच्या आधीच्या, त्या धरायच्या नाहीत.
आज नवी लस. तीस दिवसांनी रक्त.
रक्त तिच्या आधी परदेशी जाणार.
त्यानंतर तीन महिने.
मी बोटांची पेरं मोजते, पेरं संपतात.
तेवीस, आणि एकशेवीस.
हे आधी कुणाला विचारायला हवं होतं, आणि कधी?

बाबा बत्तीस वर्षं पीएमटीत कंडक्टर.
सात वर्षांत त्यांनी खारीला हात लावलेला नाही.
नुसतं "ए" म्हणतात. तीही "ए"ला येते.
रात्री जेवताना म्हणाले,
"कोंबड्यांचं लगेज फाडायचो मी. शेळीचंही, एकदा, कात्रजला.
कुत्र्याचं नाही फाडलं कधी."
आमटीचा एक भुरका.
"मी करतो तिचं लगेज. तू हो पुढे."

खोका आला, हॉलमध्ये बसला.
खारी आत जाईना.
मी आत पोळी ठेवली, आत माझा जुना टी-शर्ट,
शेवटी आत माझं डोकं.
ताज्या प्लायवूडचा वास होता, आणि अंधार परवडण्यासारखा.
ती बाहेर बसून बघत राहिली,
जणू मलाच पाठवायचंय.

खोक्यावर हळूहळू बाबांचा पेपर आला, चष्मा आला,
चहाच्या कपाची गोल खूण आली.
मी कागद लिहून ठेवला:
गोचिडाची गोळी दर पाच तारखेला.
सीताफळ दिलं तर बिया काढून.
फटाके सुरू झाले की मोरीचा नळ सोडायचा, ती तिथे जाऊन बसते.
बाबांनी तारखांना लाल पेनानं गोल केले
आणि खाली, वेबिलावर करत तशी, सही केली. पूर्ण नावाची.

पहाटे पावणेतीनला मुंबईची गाडी आली.
दोन बॅगा, तेवीस-तेवीस किलो, काटेकोर.
खारी साडेएकोणीस.
तिनं बॅगांकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं,
आणि उठून, कुणी न सांगता, पोळी नसताना,
खोक्यात शिरली.
आतल्या आत वळली.
तोंड दाराकडे करून बसली, तयार.

बाबा गुडघ्यावर हात टेकून वाकले.
"ए," म्हणाले, "तुझा स्टॉप अजून यायचाय."
मग हात आत घातला
आणि तो कुठे ठेवायचा ते न कळून
तसाच धरून राहिले, खाली हॉर्न वाजेपर्यंत.