गॅप

शिंदखेड्याच्या तहसीलसमोर, निंबाखाली माझं टेबल.
त्याचा एक पाय विटेवर.
मशीनच्या 'ळ'ची कळ अडते,
म्हणून 'काळ' लिहायचा तर
बोटाला जरा जास्त जोर द्यावा लागतो.

बी.एस्सी. नर्सिंग, ती म्हणाली,
आणि पिशवीतून कागद काढले.
पिशवी तूरडाळीची, आतून अजून पिवळी.

योगिता सुकदेव मालचे.
वय सतरा पूर्ण पाहिजे; हिचं एकोणीस.
बारावी सायन्स: फिजिक्स एक्केचाळीस,
केमिस्ट्री सत्तेचाळीस, बायोलॉजी अडुसष्ट.
इंग्रजी बावन्न. सीईटी दिलेली.
जात वैधता होती, लॅमिनेशन करून
(करू नये, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं).
डोमिसाईल. शाळा सोडल्याचा दाखला.
मेडिकल फिटनेस, ग्रामीण रुग्णालयाच्या शिक्क्यासह:
नजर ठीक, कान ठीक, वजन चाळीस.

फक्त एक वर्ष नव्हतं.

त्याचा मजकूर माझ्या बोटांना पाठ आहे.
'घरगुती अडचणीमुळे मी घरीच होते.
अन्य कोठेही प्रवेश घेतलेला नाही.'
मी 'घरीच'पर्यंत आलो होतो.

"काका, मी घर नही व्हतू."

मग कुठं होतीस?

"धुळाले, सिव्हिलमा. मायजोडे. एक्केचाळीस दिन."

मग?

"मंग एकलीच उनू.
मंग दोंडाईचाले, मिरच्यास्नी पथारीवर. देठे खुडाले."

पोरी, म्हटलं, तिथं कुणी वाचत नाही.
सही बघतात, शिक्का बघतात.
लांबण लावलीस तर विचारत बसतील,
आणि शेवटची तारीख उद्या आहे.
'घरीच' बरं असतं.

अठ्ठावीस वर्षांत किती जणांना घरी बसवलं मी.
कुणी सुरतला साड्यांवर खडे चिकटवत होतं,
कुणी वीटभट्टीवर,
एकीचं लग्न होऊन मोडलंसुद्धा होतं त्या वर्षात.
माझ्या कागदावर सगळे घरीच.

ती ऐकत नव्हती. टेबलाखाली बघत होती.

"तुमना पाय सुजेल शे."

बैठं काम, म्हटलं. त्यात हे ऊन.
तोवर ती उकिडवी बसलेली.
घोट्यावर अंगठा ठेवला, दाबला,
ओठांत काहीतरी मोजलं, उचलला.
खड्डा पडला.

मिरचीनं सोललेला अंगठा, नखाच्या कडेला लाल.
त्याची आग तेवढ्यात माझ्या कातडीला लागली.

"आते दखा, भराले कितला टाईम लागस.
सिस्टर असंच मोजे, मायना पायवर."

आम्ही दोघं बघत राहिलो.
शिपाई चहाची किटली घेऊन आत गेला.
स्टेशनाकडून सुरतच्या गाडीची शिट्टी आली, गेली.
खड्डा होता.

"रगत तपासा. लघवी बी. आजच."
सांगण्यात विनंती नव्हती.

मी कागद ओढून काढला, दुसरा चढवला.
'सदर काळात मी'
('ळ' अडला, जोर लावला)
'आजारी आईची शुश्रूषा करीत होते.'
हा शब्द या मशीनवर पहिल्यांदाच.
'श्रू' चुकला. खोडून परत मारला.
'व तदनंतर मजुरी.
वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.'

तिनं बोट फिरवत वाचलं.
खाडाखोडीवर थांबली: "हाई चालई ना?"
चालेल, म्हटलं. मला तरी काय माहीत.
सही केली. 'योगिता' सरळ, 'मालचे' जरा खाली उतरलेलं.

पैसे घेतले मी.
घ्यायला नको होते, पण घेतले.

सहा वाजता मशीनवर झाकण घातलं,
चप्पल शोधायला वाकलो,
आणि मग, कुणी बघत नाही असं पाहून,
घोट्यावर स्वतःच अंगठा दाबला.

एक. दोन. तीन.
निंबावर कावळे जमायला लागलेले.
अकरा. बारा.