शेऱ्याचा रकाना

दोंडाईच्याहून येणारा रस्ता आमच्या पथारीपाशी
जरा डावीकडे मान कलती करतो.
तिथून नंदुरबारची कमान चार किलोमीटर.
कमानीखाली सायकल शर्यतीचा चौथा टप्पा संपणार होता.

नवं डांबर आलं, पांढरे पट्टे आले,
चहाच्या टपऱ्यांना एका दिवसाची रजा आली.
कडेला वाळणारी मिरची हातभर मागे घ्या म्हणाले,
घेतली.
वळणावरचा गतिरोधक उखडला.
तो आम्ही तीन अर्ज करून मिळवला होता,
सुपडीचा पोरगा ट्रकखाली गेला त्या वर्षी.
ठेकेदार म्हणाला, एवढा दिवस जाऊ द्या, परत बसवू.
सुपडीने खडीचा एक तुकडा उचलला,
उलटसुलट बघितला,
ठेवून दिला.

मी पथारीवर हजेरी लिहिते.
साहेबांचा निरोप मीच वाचून दाखवला:
सकाळी दहापासून शर्यत जाईपर्यंत
मिरची कुणी उलटवायची नाही. खाट उडते.
बायांनी दाताळी खाली टाकली,
नाकातोंडावरचे पदर सोडले,
आणि भर माघात, दिवसाउजेडी,
सोयरिकीला आल्यासारख्या ओळीने बसल्या.

शकूर मिस्तरी स्टेशनाकडून चालत आले,
सायकल हातात धरून.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
म्हणाले, बघायला नाही बेटी, ऐकायला आलोय.
पायडल मारताना सायकल मुकी असते.
पाय थांबला की मागचं चाक बोलतं,
तेव्हा कळतं माल कसा आहे ते.
मग फुकट आलात चाचा, मी म्हटलं,
शर्यतीत पाय कोण थांबवतं?
त्यांनी सायकल बाभळीला टेकवली.

आधी गाड्या गेल्या, भोंगे गेले,
मग बराच वेळ नुसतं डांबर.
मग लांब उतारावर रंग सांडल्यासारखं काही.
मथीबाई उठून उभी राहिली,
"इतला पयी ऱ्हायनात,
यासना मांगे कोन लागेल शे?"
सगळ्या हसल्या, मीही,
आणि त्या हसण्यात सुपडी कुणालाच दिसली नाही.

तिने दाताळं उचललं होतं.
कडेची मिरची, कडक वाळलेली,
एकदा उलटली. परत उलटली. मुळापासून.
वारा रस्त्याकडे होता.

पिवळ्या अंगरख्यातला सगळ्यांत पुढे होता,
तो शिंकला.
मग त्याच्या मागचा, मग अख्खा थवा,
कोण पतियाळाचा, कोण कझाकस्तानचा,
शिंकताना सगळ्यांचं गाव एकच.
पडलं कुणी नाही.
पण सव्वाशे जणांचे पाय
बरोबर त्या वळणावर थांबले
आणि चाकं बोलायला लागली.

मिरचीचं पोतं पाठीवर घेताना
आत बिया वाजतात,
तसा आवाज, पण सगळा बाजार एकदम पाठीवर घेतल्यासारखा.
दोन श्वास. फार तर तीन.
मिस्तरींची मान तिरकी, ओठ उघडे.
"मधल्या एकाला तेल पाहिजे," म्हणाले.

मग पाय फिरले, चाकं मुकी झाली, रस्ता आमचा झाला.
कोण जिंकलं ते संध्याकाळी कळलं.
टीव्हीवर एका ठिकाणी, कोपऱ्यात,
लाल काहीतरी सरकून गेलं.
मथीबाई म्हणते ती मध्ये दिसते.

साहेबांचा फोन आला: मिरची कुणी उलटवली?
मी वही उघडली.
सुपडी भटू भिल. हजर. पूर्ण दिवस.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: वारा.

गतिरोधक अजून बसलेला नाही.
मी चौथा अर्ज दिलाय, पोच घेतलीय.
तोवर दोंडाईच्याकडून ट्रकचा आवाज आला
की सुपडी हातातलं काम टाकते
आणि दाताळं घेऊन
कडेच्या मिरचीपाशी जाते.