चॅनल सात

तुर्भ्याच्या बंद खाणीत सहा गाड्या.
मी शेवटची. माझं काम एवढंच,
सगळे पार झाले की म्हणायचं, "शेपूट बाहेर."

पुढे मढवीची जिप्सी. ती दिसत नाही,
धुरळा दिसतो, आणि कानाशी त्याचा आवाज:
"डावीकडे सुटा दगड. पहिला गिअर. ब्रेकवर नाचू नका."
खर्र.
मग फर्झानाचं "कॉपी",
मग सोनाराचं "कॉपी", ढेकर दिल्यासारखं.

बटण दाबायचं, एक श्वास थांबायचं, मग बोलायचं.
नाहीतर पहिला शब्द वाऱ्यावर जातो.
मागच्या खेपेला "उजवीकडे"तला "उजवी" गेला
आणि मी उरलेल्या "कडे"वर विश्वास ठेवला.
दाराचा पोचा अजून तसाच आहे.

माथ्यावर पोचलो तेव्हा पावणेदोन.
खाली नेरूळ, सानपाडा,
पाम बीचची वाकडी पिवळी रेघ, पलीकडे खाडीचा काळोख.
तेवढ्यात चॅनलवर कुणी शिरलं.
"गेट दोन... गेट दोन, जागा आहेस का?"

आमच्यातलं नव्हतं कुणी.
खालच्या कुठल्यातरी सोसायटीचा वॉचमन,
आवाज म्हातारा, गालात तंबाखू.
सोनार हसला. बटण दाबूनच हसला,
म्हणजे खालीही गेलं असणार.
"गेट दोन. टँकर आलाय रे. टाकीची चावी तुझ्याकडे."

मढवी म्हणाला, "अकरावर या सगळे."
एकेक कॉपी निघून गेली,
एकेक लाल दिवा उतरणीत बुडाला.
मी सातवरच.
इंजिन बंद केलं. दिवेही.
"गेट दोन?"

बटण. एक श्वास.
"काका, मी गेट दोन नाही."
"मग कोण?"
"वर. डोंगरावर. गाडीत."
बराच वेळ नुसती खरखर.
"उजेड दाखव बघू."
लावले, विझवले, लावले.
"दिसलीस. मगाशी सहा मोजले होते.
पाच उतरले. तू का राहिलीस?"

काय सांगणार?
मोजणारी मी, असं मला वाटत होतं.

तेवढ्यात तिसरा आवाज, उशीवरून उठलेला:
"गेट दोन. बोला."
"चावी आण, मेल्या," म्हातारा म्हणाला.
आणि थोडं थांबून,
"वरचे बाई, तुम्ही पण उतरा."

अकरावर मढवी हाका मारत असेल.
मारू दे.
पायथ्याच्या डांबराला चाक लागलं
तेव्हा मी सातवरच म्हणाले, "शेपूट बाहेर."

कॉपी नाही आली.
खालून आलं,
"बरं."