अगदी डावीकडची पांढरी

पाणी नको, म्वेपू. हे भांडं नव्हे.
फडकं ओलं कर, पीळ, पुन्हा पीळ,
गालाला लावून बघ:
गार लागावं, ओलं लागू नये.

आधी वायर काढ. सेलही.
वीज गेलीये म्हणतोस? असू दे.
रुआशीत वीज न सांगता जाते
तशी न सांगता येतेही.

आडवं नाही, उभं पुसायचं,
मागून पुढं, आपल्या पोटाकडं.
आडवं पुसलंस तर मळ फटीत उतरतो
आणि मग घरातल्या जुन्या भांडणासारखं,
वरून सगळं लख्ख,
बोट ठेवलं की अडतं.

काळ्यांच्या बाजू काडीला कापूस गुंडाळून.
बाजू सगळेच विसरतात.

इथली धूळ लाल.
खाणीचे ट्रक जातात, ती उठते,
चर्चच्या जाळीच्या विटांमधून आत येऊन बसते
कुणी न बोलावता, पहिल्या बाकावर.
बायका रविवारी पांढऱ्या कपड्यांत येतात
आणि गुलाबी होऊन घरी जातात.
कपडे सोमवारी धुतात.
पट्ट्यांचा सोमवार कुणी काढायचा?

आता उलटा कर. सावकाश. टॉवेलवर.
एकवीस स्क्रू, झाकणात मोजून ठेव,
लांब वेगळे, आखूड वेगळे.
(बावीस होते.
एक माझ्या बापानं हरवला, मरेपर्यंत कबूल केलं नाही.)

बघ काय काय निघतं:
मक्याचा दाणा, टाचणी,
कुणाच्या तरी वेणीतला निळा मणी,
शंभर फ्रँकची नोट. दानपेटीत टाक.
खिशात नाही, म्वेपू. दानपेटीत.
आणि हे मेण.
वीज गेली की कियुंगू मेणबत्ती इथंच ठेवायचे,
बावीस वर्षं नको म्हटलं, बावीस वर्षं ठेवली.

शनिवारभर सुकी मासळी विकायची
आणि रविवारी त्याच हातांनी वाजवायचं.
गायिका नाकाला रुमाल लावून गायच्या,
तरी सुरात गायच्या.
थेंबभर स्पिरिट लाव, बघ,
उडून जाण्याआधी वास वर येतो.
आला?
हं.
पुढची पट्टी.

ही मधली पांढरी. हिच्यावरूनच ते सगळ्यांना सूर द्यायचे,
म्हणून हीच आधी गेली.
खालचं रबर बघ, फाटलंय,
पोटातला काळा ठिपका झिजून राखेच्या रंगाचा झालाय.
नवं रबर लुसाकाहून यायला दोन महिने,
आणि पैसे तर त्याहून लांबून येतात.
म्हणून कात्री दे.
अगदी डावीकडच्या पांढरीचं काढू.
तिथवर कुणाचा हात जात नाही.

कियुंगूंचा जायचा.
कुणाला माती देऊन आलो की
शेवटचं गाणं संपल्यावर
डावी करंगळी लांब करून एकदाच दाबायचे ती,
आणि विरेपर्यंत उचलायचे नाहीत.
मे महिन्यात त्यांना माती दिली तेव्हा
तू वाजवलंस. छान वाजवलंस.
ती मात्र राहिली. तुला माहीत नव्हतं.
मला होतं.
मी तुझ्या मागंच उभी होते, हात लांब केला असता तर पोचला असता.

असो. धर, इथं बसव.
ठिपका बरोबर ठिपक्यावर.
दाबू नकोस, बसू दे.
सेल घाल.
आता मधली वाजव.

लागली!
थोडी जाड लागते, नाही?
होईल सवय, तिलाही आणि आपल्यालाही.

आता अगदी डावीकडची.
काही नाही?
नसू दे. पूस तिला.
दर शनिवारी इतरांच्या आधी पूस.
मुकी म्हणून मळकी ठेवायची नाही.

झाकण कुठंय?
स्क्रू मोज.
वीस?
पुन्हा मोज.