मधली जागा

हेल्यो आत्यानं एकतीस वर्षं ताल्लिनमध्ये ट्राम चालवली.
आता पेइप्सीच्या काठी कांदे लावते,
हिवाळ्यात बर्फ बघते.
बर्फ बघणं म्हणजे काय, ते तिकडच्यांनाच ठाऊक:
कोळी ढब्ब्या टायरांच्या गाड्या घेऊन
तळ्यावर आत, फार आत जातात,
आणि एखाद्या दुपारी
माणूस आणि काठ यांच्यामध्ये
आवाज न करता भेग पडते.

म्हणून ड्रोन. म्हणून चष्मा.
म्हणून मी, तार्तूहून, लॅपटॉप आणि वायर घेऊन
तिच्या स्वयंपाकघरात.
टेबलावर धुरावलेला मासा,
माशाशेजारी ड्रोन, पाती काढून ठेवलेला,
कारण घरात फिरतं पातं तिला चालत नाही.

माझ्या पडद्यावरचं सगळं मी तिच्या पडद्यावर ओतलं:
बॅटरीचं व्होल्टेज, एकेका सेलचं वेगळं,
सिग्नल, उपग्रह, उंची, वेग,
मोटारींचं तापमान, थ्रॉटल किती टक्के,
काढलेलं कृत्रिम क्षितिज, मधोमध फुली,
आणि वर, कोपऱ्यात, माझं टोपणनाव.

तिनं चष्मा लावला. काढला.
‘तळं कुठंय?’

मग म्हणाली, केबिनच्या काचेवर
काही चिकटवायला बंदी होती आम्हाला.
एकानं मुलीचा फोटो लावलेला.
एवढासा.
सायकलवाला नेमका त्या फोटोमागून आला.
पुढचं सांगितलं नाही, कांदा चिरत राहिली.

एकेक खूण मी माउसनं धरून बाहेर काढली.
क्षितिज? ‘आहे की तिथं. खरं.’
तापमान? ‘उतरल्यावर हात लावून बघेन.’
उंची? ‘भेगेला कसली उंची?’
वेग? इथं मात्र ती अडखळली,
हात आपोआप सुरीवरून उठून
नसलेल्या दांड्याकडे गेला.
‘नको. तोही नको.’
नाव? ‘टिंट लिही.’
टिंट म्हणजे बोटाएवढा मासा,
तिच्या लहानपणी बादल्या भरभरून यायचा,
आता जाळ्यात चुकूनमाकून.

आकडे उरले चवीपुरते:
खाली डावीकडे व्होल्टेज, उजवीकडे मिनिटं,
वर घराकडचा बाण.
इशारा कधी लुकलुकवायचा यावरून वाद झाला.
मी म्हटलं, सेलमागे साडेतीन.
ती म्हणाली, थंडीत बॅटरी आणि नवरा,
दोघंही आहे त्याहून जास्त सांगतात;
परतीचं डेपो सोडतानाच बघायचं असतं.
तीन पॉइंट सातवर मिटलं.

सकाळी उणे चौदा.
पहिले चार उपग्रह लगेच सापडले,
पाचव्यासाठी नाक लाल होईस्तोवर थांबलो, आठव्यासाठी त्याहून.
मी समजावलं, मोटारी जिथं सुरू करशील
त्या जागेला हा घर म्हणणार.
नंतर तू हललीस, तरी बाण तिकडेच.
तिनं मासेमारीची बादली उपडी घातली
आणि तिच्यावर बसली. ‘हलत नाही.’

दुसरा चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.
राखाडी, राखाडी, तीन गाड्या, एक कुत्रा,
पुन्हा राखाडी.
मग पडद्याच्या अगदी मध्यावर
एक काळा धागा,
माझ्या फुलीच्या रेघेपेक्षा बारीक.
मला आधी तो व्हिडिओतला दोष वाटला.
‘फेदोसेईला फोन लाव,’ ती म्हणाली,
‘म्हणावं, आलास तसा परतू नकोस. दक्षिणेकडून ये.’
माझी बोटं मोज्यात, फोन खिशात, खिसा चेनबंद.
इशारा लुकलुकला
तेव्हा ती कधीचीच वळली होती.

काठाजवळ दोन ठिपके दिसले,
एक बादलीवर बसलेला,
एक फोनवर हातवारे करत ओरडणारा.
आमच्या डोक्यावर आल्यावर बाण
गरगर फिरायला लागला.
बिघडलं का, तिनं विचारलं.
म्हटलं, नाही. घरावर आला की
त्याला दिशाच उरत नाही.
‘बरं,’ म्हणाली आणि उतरवला.
किती उंच, किती लांब, किती जोरात,
सगळा हिशेब पडद्यावर आला,
तो तिनं वाचला नाही. मोटारींना हात लावून बघितला.

रात्री तार्तूच्या खोलीत
मी माझा स्वतःचा पडदा उघडला.
वेग काढला. क्षितिज काढलं.
फुलीवर बराच वेळ थांबून तीही काढली.
टोपणनाव
अजून तिथंच आहे.