'फक्त' काढून टाकताना

आचऱ्याच्या खाडीवरचा वाकडा माड
वादळात पडला, त्याला पाच वर्षं झाली.
पिरावाडीचे लोक अजून सांगतात,
"वाकड्या माडाक इलास की डावीक मार."
ज्यांनी माड पाहिलाय त्यांना तो अजून दिसतो.
परक्या होडीला दिसतं नुसतं आभाळ,
आणि मग वाळू लागते बुडाला.

मी हे पाहुण्यांना हसत हसत सांगायचे.
गेल्या आठवड्यापर्यंत.

गेल्या आठवड्यात शमिता मुणगेकर आली.
बारावी झालेली. भावाचा जुना लॅपटॉप,
एका बाजूची बिजागरी जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेली.
आमच्या भरती-ओहोटीच्या प्रोग्रॅममधली
एक चूक तिला दुरुस्त करायची होती.
अष्टमीला, भांगाच्या दिवसांत,
तो वेळ वीस मिनिटं पुढची दाखवतो.
तिच्या बापाने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून
पकडलेली चूक.

आमचा कोड सगळ्यांना उघडा आहे.
हे आम्ही फार अभिमानाने सांगतो.
दारापर्यंतची वाट मी लिहिली होती,
सात ओळींत,
ताट वाढून ठेवलं होतं म्हणून घाईघाईत.

ठरवलं, आपण तोंड उघडायचं नाही.
तिच्या मागे बसले, हाताची घडी घालून.

पहिली ओळ: फक्त हे डाउनलोड करा.
ते 'फक्त' नऊशे एमबीचं होतं.
एक्क्याऐंशी टक्क्यांवर तिचा त्या दिवसाचा नेट संपला.
"उद्या येतंय," म्हणाली, आणि आली.

दुसरी ओळ: नेहमीप्रमाणे टर्मिनल उघडा.
नेहमीप्रमाणे म्हणजे कसं,
हे तिने मला विचारलं नाही.
स्वतःलाच विचारलं, इतक्या हळू
की मला ऐकू जाऊ नये.

तिसऱ्या ओळीला लाल अक्षरं आली, पडदाभर.
"माझाच कायतरी चुकला आसतला."
मग सॉरी म्हणाली,
मला नव्हे, लॅपटॉपला.

झालं होतं असं
की लॅपटॉपवर तिने आपलं नाव मराठीत लिहिलं होतं.
शमिता. वेलांटीसकट.
ते नाव फोल्डरच्या वाटेत आलं
आणि आमचा प्रोग्रॅम,
ज्याची सगळी बटणं मराठीत आहेत
म्हणून आम्ही एकदा पेढे वाटले होते,
एका मराठी नावाला ठेचकाळून पडला.

चार वर्षं कुणाला कळलं नाही.
आम्हा सहाजणांपैकी एकाचंही नाव
तिथे मराठीत नव्हतं.

ती रात्री वही घेऊन बसली.
जे जे केलं ते लिहिलं, चुकलेलंही.
"इथे पाच मिनिटं काहीच हलत नाही.
बंद पडलं असं वाटतं. पडलेलं नसतं.
मी तोवर भात लावून आले."
भात तेवढा मी वगळणार होते.
मग राहू दिला.

माझ्या सात ओळींत चार वेळा 'फक्त' होतं,
दोन वेळा 'सोपं आहे', एक 'अर्थात'.
एकेक खोडताना
माझाच आवाज ऐकू येत होता,
पुढे निघून गेलेल्या माणसाचा,
मागे वळून न बघता बोलणारा.
आता त्रेचाळीस ओळी झाल्यात.
पुण्याहून नितीश परांजप्यांनी विचारलं,
एवढं कशाला? हे कुणालाही कळतं की.
मी त्यांना म्हटलं,
लॅपटॉपवर आपलं नाव एकदा मराठीत लिहून बघा.
अजून उत्तर नाही.

वीस मिनिटांची चूक एका आकड्यात होती.
तो बदलायला शमिताला
अर्धा तासही लागला नाही.

आणि काल,
कुरियरवाला नवा होता, फोनवर वाट विचारत होता,
माझं लक्ष पडद्यावर, बोटं चालू,
तोंडातून गेलंच:
"फक्त सरळ या, वाकड्या माडापर्यंत."

बराच वेळ फोनवर नुसता वारा.
मग तो म्हणाला,
"मॅडम, कुठला माड?"